पायपेटी ते वर्कस्टेशन : झाडीपट्टी रंगभूमीच्या साथसंगतीतील स्वरथरांचा इतिहास
(विशेष संदर्भ : भंडारा जिल्हा)

सारांश

झाडीपट्टी रंगभूमीच्या अभ्यासात संहिता, बोली, अभिनय आणि प्रेक्षकवर्ग यांचा विचार प्रामुख्याने झालेला आहे. त्या मानाने साथसंगतीची वाद्ये व त्यांतील स्थित्यंतर हा विषय दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत निबंधात हार्मोनियम, ऑर्गन, सिंथेसायझर व वर्कस्टेशन या क्रमाने 'एका पट्टीवर अनेक नाद' ही कल्पना कशी विकसित झाली याचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. नादांचे थर रचणे ही वर्कस्टेशनची देणगी नसून ती पेटीइतकीच जुनी आहे. वर्कस्टेशनने नवीन आणले ते थरांचे संपादन आणि जतन, असे येथे प्रतिपादन केले आहे. हे जतन अल्पायुषी असल्यामुळे एका संपूर्ण कालखंडाचे नाट्यसंगीत नष्ट होण्याचा धोका आहे, याकडेही लक्ष वेधले आहे.

१. प्रस्तावना

वैनगंगेच्या खोऱ्यात दिवाळी आटोपली की मंडईचे दिवस सुरू होतात. धानाची कापणी, मळणी आणि त्यापाठोपाठ गावोगावची नाटके असा भंडारा जिल्ह्यातील हिवाळ्याचा परंपरागत क्रम आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील झाडीच्या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. त्यापैकी गोंदिया हा १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकनाट्यांची परंपरा आणि मराठी संगीत नाटकाचा संस्कार यांच्या संयोगातून येथील रंगभूमी घडली. आज या व्यवसायाचे प्रमुख केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज म्हणजेच वडसा हे असले, तरी साकोली, लाखांदूर, लाखनी, पवनी या तालुक्यांतील गावे तिचा हक्काचा प्रेक्षक होत.

साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि झाडीपट्टीची लोकरंगभूमी यांचा पायाभूत अभ्यास केला. २०२३ मध्ये झाडीपट्टीतील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री सन्मान मिळाला आणि या रंगभूमीस देशपातळीवर मान्यता लाभली. संशोधक आणि नट यांच्या कार्याची अशी दखल घेतली जात असताना, रात्रभर रंगमंचासमोर बसून नाटकाला नाद पुरविणारा वादक मात्र इतिहासाच्या पानांत फारसा आढळत नाही. त्याच्या हातातील वाद्य बदलले, त्या वाद्याबरोबर नाटकाचा नाद बदलला. या बदलाचे स्वरूप समजून घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

२. पेटीतील थर

मराठी संगीत नाटकाचा प्रारंभ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुणे येथे झालेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'च्या प्रयोगापासून मानला जातो. पुढील काळात सारंगीच्या जोडीला आणि पुष्कळदा तिच्या जागी हार्मोनियम आली. हे वाद्य मूळचे युरोपीय. पॅरिस येथील अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये त्याचे स्वामित्व घेतले. कलकत्ता येथील द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता चालवण्याची सुटसुटीत पेटी तयार केली आणि जमिनीवर बसून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या देशात ती सर्वत्र पसरली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी तिला रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळवून दिली. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन आणि कादरबक्ष यांची सारंगी ही बालगंधर्वांच्या गायनाची ओळख ठरली.

या ठिकाणी एक तांत्रिक बाब विचारात घ्यावी लागेल. दुहेरी सुरांच्या पेटीत प्रत्येक पट्टीखाली दोन पितळी सूर असतात, एक खर्जाचा व एक नराचा. तिहेरी पेटीत मादीच्या सुराची भर पडते. म्हणजे वादक एक पट्टी दाबतो आणि ऐकणाऱ्यास दोन किंवा तीन सप्तकांतील नाद एकत्र ऐकू येतो. समोरच्या खुंट्या ओढून अथवा ढकलून कोणत्या सुरांना हवा द्यावयाची हे ठरवता येते. कप्लर असलेल्या पेटीत दाबलेल्या पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातील तीच पट्टी आपोआप दाबली जाते. दोन सूर परस्परांशी अगदी काटेकोर न जुळवता किंचित अंतर ठेवले तर नादात एक प्रकारची लहर निर्माण होते, ही गोष्टही पेटी बनविणाऱ्या कारागिरांना ठाऊक होती.

अशा रीतीने थर, त्यांची निवड, सप्तकांतर आणि सूक्ष्म सुरभेद ही चारही तत्त्वे वीज येण्यापूर्वीच नाटकाच्या मंडपात नांदत होती. पायपेटीने त्यात आणखी एक भर घातली. भाता पायांकडे गेल्यामुळे वादकाचा डावा हात मोकळा झाला आणि एकाच माणसास दोन हातांनी दोन प्रकारची कामे करणे शक्य झाले. एका वादकाने अनेकांचे काम करावे ही प्रवृत्ती येथूनच सुरू होते.

पेटीच्या मर्यादेवरील वादही याच काळातील आहे. तिचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले. त्यांत मींड नाही व श्रुती नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध करण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या प्रारंभी केला. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये शिथिल केली. ज्या वाद्यास नभोवाणीने तीन दशके दूर ठेवले, तेच वाद्य नाटकमंडळ्यांनी कधीही दूर केले नाही. मैदानात बसलेल्या शेकडो श्रोत्यांपर्यंत पोहोचणारा, न थकणारा व गायक नटास आधार देणारा नाद रंगभूमीस आवश्यक होता. शास्त्र आणि व्यवहार यांतील हा भेद पुढील वाद्यांच्या बाबतीतही दिसून येतो.

३. विजेवरील वाद्ये आणि अनुकरणाचा प्रश्न

१९३५ मध्ये अमेरिकेत हॅमंड ऑर्गन बाजारात आला. त्यात पितळी सुरांऐवजी फिरत्या चक्रांपासून नाद निर्माण होत असे आणि नऊ ओढपट्ट्या कमी-अधिक ओढून त्याची घडण बदलता येत असे. थर आता केवळ चालू किंवा बंद राहिले नाहीत, तर त्यांचे प्रमाण ठरविता येऊ लागले.

भारतीय श्रोत्यास या नव्या नादाचा ठळक परिचय 'नागिन' (१९५४) या चित्रपटाने करून दिला. हेमंत कुमार यांच्या संगीत दिग्दर्शनाखालील या चित्रपटातील पुंगीचा नाद पुंगीचा नव्हताच. कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लॅव्हिओलिन हे विजेवरील वाद्य वाजविले आणि त्याच्या जोडीला रवी यांची हार्मोनियम होती. दोन वादकांनी दोन वाद्यांवर एकच चाल वाजवून तिसऱ्याच वाद्याचा आभास निर्माण केला. आजच्या परिभाषेत त्यास 'लेअर' म्हणता येईल. फरक इतकाच की हा थर दोन माणसांच्या समजुतीवर उभा होता आणि ध्वनिमुद्रण संपताच तो विसर्जित झाला.

१९८३ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरते. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना परस्परांशी जोडणारी मिडी ही पद्धती त्या वर्षी व्यवहारात आली. एका की-बोर्डवर पट्टी दाबली असता तारेने जोडलेले दुसरे वाद्यही त्याच क्षणी वाजू लागले. १९८७ च्या रोलंड डी-५० या वाद्याने निराळा मार्ग दाखविला. खऱ्या वाद्याच्या नादाचा केवळ आरंभीचा अंश नमुन्यातून घ्यावयाचा आणि त्यापुढील नाद कृत्रिमरीत्या घडवावयाचा, अशी ही योजना होती. बासरीची ओळख फुंकरीच्या पहिल्या क्षणात होते, सतारीची ओळख नखीच्या आघातात होते. हे जाणून थर आता एकावर एक न राहता एकापुढे एक असेही रचले जाऊ लागले.

४. वर्कस्टेशन आणि संपादनाची कल्पना

१९८८ मध्ये कॉर्ग कंपनीने एम-१ हे वाद्य आणले आणि वर्कस्टेशन ही संज्ञा रूढ झाली. ६१ पट्ट्या, नमुन्यांवर आधारित नाद, इफेक्ट आणि ८ ट्रॅकचा सिक्वेन्सर एकाच पेटीत सामावले होते. एकेका नादास त्यात 'प्रोग्राम' म्हटले जाई आणि अनेक प्रोग्राम एकत्र केल्यावर होणाऱ्या रचनेस 'कॉम्बिनेशन'. एका कॉम्बिनेशनमध्ये आठपर्यंत प्रोग्राम घेता येत. १९९९ चे ट्रायटन, २००१ चे यामाहा मोटिफ व रोलंड फँटम ही पुढील वाद्ये याच कल्पनेचा विस्तार होत. मराठी वादकांच्या बोलण्यात मात्र ही सारी वाद्ये 'की-बोर्ड', 'सिंथ' किंवा सरसकट 'कॅसिओ' या नावाखाली येतात.

थराचे संपादन म्हणजे नेमके काय, हे पाहिल्याशिवाय या वाद्याचे ऐतिहासिक महत्त्व ध्यानात येणार नाही. प्रत्येक थरासाठी वादकास किमान पाच गोष्टी ठरवाव्या लागतात. त्याची पातळी, म्हणजे इतर थरांच्या तुलनेत तो किती मोठा ऐकू यावा, त्याचे सप्तक, त्याचा सूक्ष्म सुरभेद, पट्ट्यांच्या कोणत्या मर्यादेत तो वाजावा, आणि किती जोराने दाबल्यावर तो जागा व्हावा. यांपैकी चौथ्या निवडीमुळे डाव्या हाताखाली एक वाद्य व उजव्या हाताखाली दुसरे अशी विभागणी, म्हणजे 'स्प्लिट', साधते. तिसऱ्या निवडीचे गणितही उद्बोधक आहे. ४४० कंपनांच्या स्वरावर दोन थरांत ५ सेंटचा भेद ठेवला तर सेकंदास सुमारे सव्वा लहरी ऐकू येतात आणि त्याच्या वरच्या सप्तकात त्या दुप्पट होतात. कारागीर कानसेने घासून जे साधत असे, ते येथे आकड्याने साधले जाते.

या स्वातंत्र्यास एक किंमत होती. एम-१ मध्ये एका वेळी १६ नाद वाजू शकत. एकेरी नादांचे चार थर लावले की प्रत्येक पट्टीमागे चार नाद खर्ची पडत, म्हणजे एका वेळी चारच स्वर उरत. पाचवा स्वर दाबताच आधीचा एखादा तुटे. त्यामुळे थर वाढविणे म्हणजे वाद्य समृद्ध करणे, ही समजूत अपुरी ठरते. कोणता थर वगळावा हे जाणणारा वादकच चांगला संपादक होय.

आणखी दोन बाबी अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की कॉम्बिनेशनमध्ये प्रोग्रामची प्रत नसते, केवळ त्याचा निर्देश असतो. म्हणून एखाद्या गीतासाठी बासरीचा मूळ प्रोग्राम बदलून त्याच जागी जतन केला, तर ती बासरी वापरणारी अन्य सर्व कॉम्बिनेशने नकळत बदलतात. दुसरी बाब इफेक्टची. एम-१ च्या कॉम्बिनेशनमध्ये सर्व थरांना मिळून सामाईक इफेक्ट असत आणि प्रोग्रामचे स्वतःचे इफेक्ट बाजूस राहत. परिणामी स्वतंत्रपणे वाजविताना घुमणारा नाद थरात गेल्यावर कोरडा वाटे. संपादन करताना प्रत्येक नाद एकटा ऐकून चालत नाही, तो समूहातच ऐकावा लागतो. नाटकातील पात्रयोजनेलाही हाच नियम लागू पडतो.

५. मंडपातील संपादन

झाडीपट्टीच्या नाटकाची परिस्थिती ध्वनिमुद्रण कक्षाहून सर्वस्वी भिन्न असते. प्रयोग धान निघालेल्या बांधीत किंवा गावाशेजारच्या मोकळ्या जागेत उभारलेल्या मंडपात होतो, रात्री सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. नट स्वतः गातात. वादक रंगमंचासमोर बसतात. तबला आणि ऑर्गन यांच्या जोडीला ऑक्टोपॅड व की-बोर्ड आल्यानंतर पदांची साथ, प्रसंगाचे पार्श्वसंगीत आणि लावणीचा ठेका ही कामे मोजक्या हातांत एकवटली.

अशा ठिकाणी संपादनाचे निकष बदलतात. मंडपास भिंती नसल्याने नैसर्गिक घुमारा मिळत नाही, म्हणून यंत्रातील घुमारा आकर्षक वाटतो. पण तो अधिक झाला तर कर्ण्यातून संवादाचे शब्द पुसट होतात आणि झाडीपट्टीचा प्रेक्षक शब्दासाठी आलेला असतो. थरांतील डावे-उजवेपण दोन्ही कर्ण्यांतून एकच नाद जात असल्यास निरर्थक ठरते. व्हायोलिनसमूहाचा नाद सावकाश उमलणारा असतो. त्यास पूर्ण उमलण्यास पाव सेकंद लागत असेल आणि लय मिनिटास २४० मात्रांची असेल, तर तो थर अख्खी एक मात्रा मागे पडतो. गायक नटास तो मागे खेचतो. अशा वेळी त्या थराचा आरंभ तीव्र करणे किंवा त्याखाली ऑर्गनचा तत्काळ उमटणारा थर ठेवणे हे दोनच उपाय उरतात. ऑर्गनखाली व्हायोलिनसमूह ही जोडी नाट्यपदांच्या साथीस सोयीची ठरते, त्याचे एक कारण हे आहे. जुना नाद स्वराची कड धरतो, नवा नाद त्यामागे पसरतो.

गायकाच्या स्वराचा प्रश्नही असाच. एक नट काळी एकमध्ये गातो तर दुसरी नटी काळी चारमध्ये. पायपेटीवर वादकास प्रत्येक पट्टीतून गाणे वाजविण्याचा रियाज करावा लागे. आता ट्रान्सपोजचे एक बटण तो भार उचलते. स्वर वाकविणाऱ्या दांडीने मींडेचा आभास निर्माण करता येतो आणि काही वाद्यांत बारा स्वर स्वतंत्रपणे चढे-उतरे करण्याची सोय असते. रोलंडच्या एक्सपीएस मालिकेसारख्या वाद्यांत भारतीय नादही देण्यात आले. देवल आणि क्लेमेंट्स यांनी जो प्रश्न विचारला होता त्याचे अंशतः उत्तर अशा प्रकारे बाजारातून आले. मात्र शहनाईचा टोन निवडून त्यावर पियानोच्या बोटांनी वाजविले तर शहनाई उमटत नाही. श्वास कोठे संपतो हे वादकास ठाऊक असावे लागते. दंडार व खडी गंमत ऐकत वाढलेला वादक आणि यंत्रातील तयार नादांवर विसंबणारा वादक यांच्यातील अंतर येथेच प्रकट होते.

६. लाभ, हानी आणि श्रेय

थररचनेने झाडीपट्टीस काय दिले याचे मूल्यमापन एकांगी करून चालणार नाही. गावोगाव हिंडणाऱ्या मंडळीस सारंगी, क्लॅरिनेट, बासरी व व्हायोलिन यांचे स्वतंत्र वादक रात्रीमागे मानधन देऊन नेणे परवडणारे नसते. की-बोर्डने ही नादसंपदा एका गाडीत आणि एका माणसाच्या मानधनात बसविली. चित्रपट व दूरदर्शनच्या संगीतास सरावलेल्या तरुण प्रेक्षकास नाटकाकडे वळविण्यातही तिचा वाटा मानावा लागतो.

दुसऱ्या बाजूने, ज्या वाद्यांचे नमुने थरांत वापरले गेले त्यांच्या वादकांची जागा मंडपातून कमी झाली. हानी केवळ रोजगाराची नाही. चार वादक एकत्र वाजवितात तेव्हा चौघांची लय, चौघांचे मत आणि चौघांच्या चुका नादात मिसळतात. चार थर वाजतात तेव्हा मत एकाचेच असते. म्हणूनच त्या एकाची जबाबदारी मोठी आहे. अमुक पदाखाली कोणता नाद असावा, खलनायकाच्या प्रवेशास काय वाजावे, करुण प्रसंगी ऑर्गन एकटा ठेवावा की नाही, हे निर्णय घेणारा की-बोर्ड वादक एका अर्थाने नाटकाचा सहसंगीतकार असतो. तरीही सामान्यतः त्याच्याकडे यंत्र चालविणारा म्हणूनच पाहिले जाते. पेटीवाल्यास जो मान होता, तो संपादकास अद्याप मिळावयाचा आहे.

७. स्मृतीचा प्रश्न

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब जतनाची आहे. एम-१ आणि त्याच्या पिढीतील अनेक वाद्यांत वादकाने घडविलेले नाद एका छोट्या बॅटरीच्या आधाराने टिकून राहतात. बॅटरी संपली की कारखान्यातून आलेले मूळ नमुने शाबूत राहतात, परंतु वादकाने रचलेले थर पुसले जातात. पुढील पिढीतील फ्लॉपी आज वाचणे अवघड झाले आहे. वाद्य विकले गेले की नवा मालक जुनी कॉम्बिनेशने पुसून स्वतःची भरतो. २०२०-२१ च्या हंगामात कोरोनामुळे प्रयोग विस्कळीत झाले, तेव्हा हा व्यवसाय किती नाजूक आधारावर उभा आहे हे दिसून आले. कलावंताच्या हलाखीत वाद्य हीच विकण्याजोगी वस्तू असते आणि तिच्याबरोबर एक दफ्तरही जाते.

हस्तलिखित संहितेस वाळवी लागली तर निदान काही पाने उरतात. यंत्रातील स्मृती मात्र एका क्षणात जाते आणि मागे खूणही ठेवत नाही. ध्वनिमुद्रण उपलब्ध असले तरी त्यात थर एकजीव झालेले असतात. कोणता नाद किती होता हे त्यावरून निश्चितपणे सांगता येत नाही. कॉम्बिनेशन हे निर्देशांवर आधारलेले असल्याने केवळ तेवढेच जतन करूनही भागत नाही. त्याबरोबर संबंधित प्रोग्रामही जतन करावे लागतात.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, नादांचे थर रचण्याची दृष्टी मराठी रंगभूमीस पेटी व पायपेटीनेच दिली. वर्कस्टेशन हे त्या परंपरेतील पुढचे पाऊल आहे. दुसरा, वर्कस्टेशनचे वेगळेपण थर संख्येने वाढविण्यात नसून ते आकड्यांत मांडून संपादित करण्यात व पुन्हा जसेच्या तसे उभे करण्यात आहे. तिसरा, झाडीपट्टीच्या मंडपातील गरजा भिन्न असल्याने येथील वादकांचे संपादन हे कंपनीच्या तयार नादांची नक्कल नसून स्वतंत्र कारागिरी आहे. चौथा, ही कारागिरी अलिखित आहे आणि तिचे साधन नश्वर आहे.

या दिशेने भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांना अल्प खर्चात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. मंडईच्या हंगामात मराठी, इतिहास व संगीत विषयांच्या विद्यार्थ्यांनी वादकांची भेट घेऊन नाटक, पद, वाद्य, थर, पातळी व सप्तक यांची साधी तक्त्याच्या स्वरूपातील नोंद करावी. पडद्यावरील आकड्यांची छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक थर आधी स्वतंत्र आणि मग एकत्र असा ध्वनिमुद्रित करावा. मिडीच्या तारेने वाद्यातील स्मृती संगणकावर उतरवून घेता येते. जुनी बॅटरी बदलण्यापूर्वी हे काम अवश्य व्हावे. आणि त्या प्रत्येक नोंदीवर, वादकाच्या संमतीने, त्याचे नाव असावे. संहितेवर नाटककाराचे नाव असते, तसेच नादावरही घडविणाऱ्याचे असावे, ही अपेक्षा वाजवी आहे. झाडीपट्टीने आपली बोली लोपण्यापूर्वी ती लिहून ठेवण्याचे भान दाखविले. तिच्या मंडपातील नादाच्या बाबतीतही ते भान वेळीच यावे.